हाये तसं राहू द्या

एप्रिल सरत आला की माझ्या टेबलावरचं मशीन लाडीगोडी लावायला लागतं. वरून एक चौकोन हळूच खाली उतरतो आणि विचारतो, नवीन आवृत्ती आली आहे, आत्ता घ्यायची की नंतर? बाहेर अमरावतीचं ऊन इतकं तापलेलं असतं की कॉलेजच्या मैदानातली कुत्री पाण्याच्या टाकीखालच्या ओलीत पोट टेकवून पडतात. परीक्षा संपलेल्या, पोरं गावाला गेलेली, कार्यालयात आम्ही मोजकी माणसं आणि पंख्याची घरघर. शेजारच्या बाई दरवर्षी ‘नंतर’ दाबतात आणि माझ्याकडे पाहतात. मी ‘आत्ता’ दाबते. त्यांना वाटतं मला नव्याची फार हौस. हौस कसली? मला ‘नंतर’ या शब्दाचाच राग आहे. अकोल्याच्या एका उन्हाळ्यात तो माझ्या अंगात शिरला आणि मग निघालाच नाही.

आमच्या शिक्षण संस्थेत लिनक्स आलं ते ज्ञानाच्या ओढीनं आलं नाही. फुकट होतं म्हणून आलं. याला लायसन लागत नाही असं कुणीतरी अध्यक्षांच्या कानात सांगितलं आणि अकोला-अमरावतीतल्या संस्थेच्या सगळ्या शाळा-कॉलेजांतल्या कॉम्प्युटरांवरची जुनी, विकतची प्रणाली काढून हे टाकायचा हुकूम सुटला. मला वाटलं होतं, लिनक्स म्हणजे एकच काहीतरी असेल. तसं नसतं. आमच्या चांदूर बाजारला कृषी केंद्रात तुरीचं बी मागितलं की दुकानदार विचारतो, कोणत्या वाणाचं? तसंच इथंही. आतला गाभा एक, पण तो घेऊन ठिकठिकाणच्या मंडळींनी आपापले वाण काढलेले. एक वाण दर सहा महिन्यांनी नवा होतो, दुसरा वर्षानुवर्षं जागचा हलत नाही, आणि एखादा असा की रोज थोडा थोडा बदलत राहतो, त्यामुळे त्याला जुना म्हणायची वेळच येत नाही. सगळ्यात नवल म्हणजे या मशीनचा चेहरा सुटा असतो. पट्ट्या, मेनू, खिडक्या, चित्रं हे सगळं वरचं सोंग. ते उतरवून दुसरं चढवलं तरी आतली कामं तीच चालू राहतात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला जराशी भीतीच वाटली होती.

हुकुमाच्या मागोमाग परीक्षा आली. लिनक्सवर दिलेला उतारा टाइप करायचा, फाइल साठवायची, एवढंच. मी तेव्हा अकोल्याच्या कॉलेजात ग्रंथालयात हंगामी होते, पास झाले तर कायम होणार होते. माझं एवढंच पणाला लागलेलं. शोभाचं सगळंच लागलेलं होतं.

शोभाचा नवरा आमच्याच कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला होता. दिवाळीनंतर काविळीनं गेला. पदरात एक मुलगी. तेराव्याला अध्यक्ष स्वतः आले, सतरंजीवर मांडी घालून बसले आणि सगळ्यांदेखत म्हणाले की शोभाबाई येत्या उन्हाळ्यातली परीक्षा पास झाल्या तर ऑफिसातली कारकुनाची खुर्ची त्यांची. नाही झाल्या तर घरातल्या दुसऱ्या कोणाला पाहू, पण घर उघड्यावर पडू देणार नाही. लोकांनी माना डोलावल्या, अध्यक्षांच्या मोठ्या मनाची चर्चा झाली. घरातला दुसरा म्हणजे एकच होता, तिचा धाकटा दीर संजू. तो कॉम्प्युटर बसवायची, दुरुस्तीची कामं करायचा आणि संस्थेचीही कामं कंत्राटानं घ्यायचा. अध्यक्ष बोलत होते तेव्हा तो पाहुण्यांना पाणी देत फिरत होता.

आमची शिकवणी संस्थेनं गावंडे सरांना दिली होती. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या त्या काठाला, एका पीठगिरणीच्या वरच्या मजल्यावर त्यांचा क्लास. डोक्यावर टिनाचं छत, पायाखाली गिरणीचा पट्टा. ज्वारीचं पीठ जिन्यातून वर यायचं आणि कळफलकाच्या फटींत जाऊन बसायचं. खिडकीतून मोर्णा दिसायची. तिच्यात पाणी कमी आणि जलकुंभीच जास्त. त्या हिरवळीकडे पाहूनही गार वाटायचं नाही, कारण वास यायचा. खोलीत एकच कूलर होता आणि त्याचं तोंड मशीनकडे केलेलं. गावंडे सर म्हणायचे, मशीन तापलं तर बंद पडते, बाई तापली तर पडत नाही. पुरुष कर्मचाऱ्यांची शिकवणी सकाळी गारव्यात, आमची भर दुपारी, कारण सकाळी बायांना घरचं असतं, असं कोणीतरी परस्पर ठरवून टाकलं होतं. ओले दुपट्टे मानेवर टाकून आम्ही बसायचो. अर्ध्या तासात ते वाळून कडक व्हायचे.

त्या खोलीतल्या मॉनिटरच्या काचा मला अजून दिसतात. पहिल्याच आठवड्यात बायांनी त्यांच्यावर टिकल्या लावल्या. खाली डाव्या कोपऱ्यात लाल टिकली, तिथं दाबलं की मेनू. तिच्या वर हिरवी, तिथं लिहायचं सॉफ्टवेअर. आणि वरच्या बाजूला चंद्रकोर, तिथं फाइल साठवायची. वाचायची गरज नाही, समजायची तर नाहीच. लाल, हिरवी, चंद्रकोर. एवढं पाठ झालं की परीक्षा पास, असा आमचा हिशेब होता.

टिकल्या शोभानं आणल्या होत्या. नवरा असताना घेऊन ठेवलेली, न उघडलेली पाकिटं. ती पिशवीतून काढून तिनं टेबलावर मांडली आणि म्हणाली, घ्या, माह्या काय कामाच्या आता. बायांचे हात पुढे आले आणि मधेच थांबले. विधवेच्या हातची टिकली कपाळाला कोण लावणार? तेव्हा वानखडे बाई, आमच्यातल्या वयानं मोठ्या आणि देवधर्माच्या, त्यांनी तोडगा काढला.

“कपाळाले नको. मशीनले चालते.”

सगळ्यांना हायसं वाटलं. शोभा हसली आणि एकेकीला रंग विचारून टिकली काढून द्यायला लागली. तिनं हसून घेतलं म्हणून आम्ही सगळ्या त्या दिवशी सुटलो. नसती हसली तर काय केलं असतं, याचा विचार करायची आमची कोणाचीच तयारी नव्हती.

गावंडे सरांनी टिकल्या पाहिल्या तेव्हा ते ओरडले नाहीत. मिशीतल्या मिशीत हसले फक्त. दुसऱ्या दिवशी आम्ही आलो तर सगळ्या मशीनांचं तोंड बदललेलं. खालची पट्टी वर गेलेली, मेनू भलत्याच कोपऱ्यात, आणि लाल टिकली नुसत्या निळ्या रंगावर चिकटलेली. बायांनी तरी तिथंच दाबलं. पुन्हा दाबलं. एकीला वाटलं टिकलीच्या गोंदामुळे दाबलं जात नाही, म्हणून तिनं ती काढली आणि खालची काच पदरानं पुसली. सर तिच्या मागे उभे राहून पाहत होते. मग शांतपणे म्हणाले, “बाई, हे तुमचं किचन नोहे. इथी डबा रोज हालते. डब्यावर काय लिवलं ते वाचा.”

त्यानंतर दर सोमवारी हेच सुरू झालं. एक चेहरा कुठं ओळखीचा होतो न होतो तोच सर पेन ड्राइव्ह काढत. त्यांना सगळ्यांची इंग्रजी नावं ठाऊक होती, आम्ही आमची ठेवली. एकाच्या मेनूवर उंदराचं चित्र, ते उंदीरवालं. एकात जिथं हात लावाल तिथं सजावट आणि प्रत्येक गोष्टीला ढीगभर पर्याय, ते लग्नघर. आणि एक होतं ज्यात समोर काही म्हणजे काहीच नाही. एक मोठं चित्र, वर बारीकशी काळी पट्टी, खाली सगळं मोकळं. वर डावीकडच्या कोपऱ्यात माउस नेऊन धडकवायचा, नाहीतर कळफलकाच्या खालच्या ओळीतलं एक बटण दाबायचं, मग सगळं उघडतं. शोधायच्या पट्टीत नाव लिहिलं की हवं ते समोर. ज्याला ठाऊक त्याच्यासाठी अगदी सोपं. आम्ही त्याला ‘कोरं कपाळ’ म्हणायचो. शोभा नसताना.

सर निर्दयी होते, याबद्दल मला आजही शंका नाही. वानखडे बाईंना त्यांनी भर वर्गात रडवलं. एकीला उभं करून विचारलं, सासूनं चुलीची जागा बदलली तर घरचे उपाशी ठेवता का? एकदा मला म्हणाले, तुमच्यापेक्षा खालचा गिरणीवाला लवकर शिकेल, त्याला निदान आवाजावरून तरी कळतं काय बिघडलं ते. त्या दिवशी मी जिन्यात उभी राहून त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. पण महिनाभरात आम्ही टिकल्यांकडे पाहणं सोडून दिलं. शब्द वाचायला लागलो. हात शोधायचा, आणि शोधलं की सापडायचं. हे सगळं सरांनी आमच्या भल्यासाठी केलं असं मी म्हणणार नाही. त्यांना आमचा वीट आला होता आणि त्या विटाचा आम्हाला फायदा झाला.

शोभाला मात्र जमेना. खरं तर टाइप करण्यात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. हिवरखेडला माहेरी असताना ती टाइपरायटरवर शिकली होती, जुन्या पद्धतीनं, हातावर रुमाल टाकून. नजर समोरच्या कागदावर आणि बोटं आपली आपण चालत. खोलीतल्या सगळ्या खटखटीत तिची खटखट वेगळी ऐकू यायची. पण पडदा बदलला की ती जागच्या जागी थिजायची. माउस धरलेला हात तसाच राहायचा. दुसऱ्या सोमवारी तिला भोवळ आली. उन्हानं आली की धसक्यानं, कोण जाणे. आम्ही तिला कूलरसमोर निजवलं, कांदा फोडून नाकाशी धरला. त्या एका वेळी कूलरचं तोंड माणसाकडे झालं.

दुसऱ्या दिवशी संजू आला. स्वच्छ पांढरा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. भरल्या वर्गात त्यानं सरांना हात जोडले.

“सर, तिले काहून तरास देता? दुःखातली बाई हाये. तिचं मशीन हाये तसं राहू द्या.”

त्याचा आवाज भरून आला होता. सरांनी खांदे उडवले. त्यांना एक बाई कमी झाली तर हवीच होती. त्यांनी शोभाच्या मशीनवर पहिलाच चेहरा परत चढवला आणि आपोआप होणारे अपडेट बंद करून टाकले. संजू खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला आणि लाल टिकली जरा सुटली होती ती अंगठ्यानं नीट दाबून चिकटवली. मग सगळ्यांना पेढा वाटला. वानखडे बाईंनी पदर डोळ्यांना लावला. “असा दीर सगळ्याइले भेटो,” त्या म्हणाल्या. मीही पेढा खाल्ला आणि तो गोडच लागला.

त्यानंतरचे दिवस शोभाचे सुखाचे गेले. आमच्या मशीनांवर दर सोमवारी वादळ यायचं, तिच्या कोपऱ्यात वारासुद्धा नाही. लाल, हिरवी, चंद्रकोर. उतारा संपवून ती आमच्यासाठी थांबायची, डब्यातली कैरीची फोड द्यायची. तिच्या पडद्यावर मात्र रोज तो चौकोन यायचा, इतके इतके अपडेट थकले आहेत, आत्ता की नंतर? आकडा दर दिवशी फुगलेला असायचा. ती ‘नंतर’ दाबायची, न वाचता, कारण तिथंही कोणीतरी तिच्यासाठी एक टिकली लावून ठेवली होती.

लिनक्सवाल्यांत यावरून हाणामारी चालते हे मला नंतर वाचून कळलं. एका बाजूचे म्हणतात, काम करणाऱ्या माणसाला त्रास देऊ नका, चेहरा वर्षानुवर्षं तोच ठेवा, आतली भोकं तेवढी गुपचूप बुजवा. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, रोज थोडं थोडं बदला, म्हणजे माणूस सवयीत रुतणार नाही. दोघांनाही माणसाची दया आहे असं दोघंही सांगतात. मला त्या भांडणात पडायचं नाही. पण एक विचारावंसं वाटतं. एखाद्याला आहे तसं ठेवायचं, हे ज्यानं ठरवलं त्याचं स्वतःचं काय चाललंय ते कोणी पाहतं का? शोभाच्या सासरीही तिला आहे तसंच ठेवलेलं होतं. तेच फिकट पातळ, तीच मागची खोली, हळदीकुंकवाला तोच दाराआडचा पाट. कोणी तिला त्रास देत नव्हतं. सगळे तिला फार जपत होते.

परीक्षा अमरावतीच्या कॉलेजात, मे महिन्याच्या शेवटी. पहाटे अकोल्याहून गाडीत बसलो, बडनेऱ्याला उतरून ऑटो केला. गाडीत मूर्तिजापूर गेलं तरी शोभा डोळे मिटून बसलेली, आणि एक बोट गुडघ्यावर फिरत होतं. खाली डावीकडे, मग जरा वर, मग आणखी वर. संजू सोबत आला होता. त्यानं तिची पिशवी धरली, पाण्याची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती, आमच्या सगळ्यांसाठी बडनेऱ्याला थंड पाणी घेतलं. वानखडे बाई वाटभर त्याचं कौतुक करत होत्या.

प्रयोगशाळेत एसी होता. घाम अंगावर वाळला आणि शहारे आले. मशीनं उघडी ठेवलेली. मी खुर्चीत बसले, पडद्याकडे पाहिलं आणि जीव भांड्यात पडला. एक मोठं चित्र, वर काळी पट्टी. कोरं कपाळ. आमच्या रांगेत बारीकशी खसखस पिकली. महिनाभर खाल्लेल्या शिव्या त्या क्षणी वसूल झाल्या. मग मी शेजारी पाहिलं.

शोभाचा माउस खाली डाव्या कोपऱ्यात होता. ती दाबत होती. चित्रात तिथं कुठल्याशा तळ्याचं पाणी होतं आणि ती त्या पाण्यावर दाबत होती. थांबायची, हात पदराला पुसायची, पुन्हा दाबायची. मी हात वर केला. पर्यवेक्षक बाईंना म्हणाले की या बाईंनी हा चेहरा कधी पाहिलेलाच नाही, मेनू कुठं आहे तेवढं तिला सांगा, बाकी ती करेल. बाई म्हणाल्या, सूचना सगळ्यांना सारख्या. आणि मला उठवून मागच्या रांगेत बसवलं. त्यामुळे पुढचं सगळं मला शोभाच्या पाठीमागून दिसलं.

घाबरून हात इकडेतिकडे गेला असेल, माउस वर डावीकडे जाऊन धडकला. सगळं उघडलं. सॉफ्टवेअरांची ओळ, शोधायची पट्टी, सगळं. तिच्या समोर दार उघडं होतं. ती इतकी दचकली की तिनं माउस झटकन खाली ओढला आणि काहीतरी दाबून ते बंद करून टाकलं. आपल्या हातून काही मोडलं असं तिला वाटलं असणार. तिनं मागं वळून पर्यवेक्षक बाईंकडे पाहिलंसुद्धा, कोणी पाहिलं तर नाही ना, अशा नजरेनं.

मग बराच वेळ ती नुसती बसून होती. आमच्या बाकीच्यांच्या खटखटी सुरू झाल्या. ती ऐकत होती. शेवटी तिनं बोटं कळफलकावर ठेवली, तेवढंच तर तिला येत होतं, आणि खालच्या ओळीतलं ते बटण दाबलं गेलं. पट्टी पुन्हा उघडली. पांढरी, लांबट, आत काठी लुकलुकणारी. लिहायच्या जागी काठी लुकलुकते, हे तिला पाठ होतं. तिची पाठ ताठ झाली. कागद स्टँडवर लावला, नजर कागदावर रोवली, आणि टाइप करायला लागली.

असं टाइप करताना मी पुन्हा कोणाला पाहिलं नाही. एकही अडखळ नाही. पूर्ण उतारा, अनुस्वारासकट, तिनं त्या एका ओळीच्या पट्टीत लिहिला. अक्षरं डावीकडून नाहीशी होत होती आणि खाली मशीन सांगत होतं, काही सापडलं नाही. ती वर पाहत नव्हती. वर पाहायचं नाही हेच तिला माहेरी शिकवलेलं. शेवटचा पूर्णविराम देऊन तिनं चंद्रकोरीच्या जागी एकदा दाबलं, हात मांडीवर ठेवले, आणि वेळ संपायच्या आधी कागदाची घडी घालून बसून राहिली. मी ओरडायला हवं होतं असं मला वाटत नाही. ओरडून काहीही झालं नसतं, मलाही बाहेर काढलं असतं.

बाहेर कडुनिंबाखाली रसवंती होती. संजू रसाचे पेले घेऊन उभाच होता.

“कसं गेलं वहिनी?”

“लय मस्त गेलं भाऊजी. जागा जराशी लहान होती, पण मी सगळं बसवलं.”

“मले माईतच होतं,” तो म्हणाला.

तेवढ्यात प्रयोगशाळेला कुलूप लावून चपराशी खाली आला. संजूला पाहून त्याचा चेहरा खुलला. “संजूभाऊ, मांगच्या हप्त्यात तुमी नवीन टाकून गेले ना, ते लय भारी चालून राहिलं. एकबी मशीन अडकलं नाई.” संजूनं मान डोलावली आणि पेल्यावरून माझ्याकडे पाहिलं. नजर खाली घालेल असं मला वाटलं होतं. त्यानं घातली नाही. उलट भुवया जराशा उचलल्या, हिला कळलं की नाही ते पाहावं तशा. शोभा रसातला बर्फाचा खडा काढून गालाला लावत होती. तिचं लक्ष नसावं असं मला वाटलं.

पुढे मी कायम होऊन अमरावतीलाच बदलून आले तेव्हा त्या चपराशाकडून उरलेलंही कळलं. त्या प्रयोगशाळेत आधी आमच्यासारखाच खाली पट्टीवाला जुना चेहरा होता. संस्थेनं फक्त नवीन आवृत्ती टाकायला सांगितली होती. चेहरा कोणता, ते कोणी सांगितलं नव्हतं. तो संजूनं निवडला.

निकालात शोभाच्या नावापुढे लिहिलं होतं, साठवलेली फाइल नाही. तिनं सगळ्यांना सांगितलं की मी पूर्ण उतारा टाइप केला. कोणाला खरं वाटलं नाही. वानखडे बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, दुःखानं माणूस भ्रमिष्ट होतो. मी गावंडे सरांना घडलं ते सांगितलं तर ते म्हणाले, मी तिला पहिल्या सोमवारपासून रडवायला तयार होतो, तुम्हीच सगळ्यांनी पेढे खाल्ले. दोन महिन्यांनी कारकुनाच्या खुर्चीवर संजू बसला. काम चोख करतो, आजवर कोणाची तक्रार नाही. त्याला शिक्षा वगैरे काही झाली नाही, लग्न झालं, मुलगा झाला, घरावर दुसरा मजला चढला. लग्नात हळद दळायला शोभा, लावायला दुसऱ्या.

आता अमरावतीची शिकवणी मी घेते. दर सोमवारी चेहरा बदलते. बाया मला काय म्हणतात ते जिन्यात ऐकू येतं. मागच्या उन्हाळ्यात एकीचा नवरा मिठाई घेऊन आला, म्हणाला, मॅडम, हिचं जरा सांभाळून घ्या. मी त्याला मिठाईसकट दाराबाहेर काढलं आणि त्याच दुपारी त्या बाईच्या मशीनवर सगळ्यात कोरा चेहरा चढवला. ती रडली. रडू दिलं. मी हे चांगुलपणानं करते असा माझा दावा नाही. मला दयाळू माणसं पाहवत नाहीत.

या एप्रिलमध्ये संस्थेच्या कामानं अकोल्याला गेले होते. काम लवकर संपलं म्हणून जुन्या शहरात शिरले. बाजारात कैऱ्यांचे ढीग लागलेले, आणि एका ढिगापाशी शोभा उकिडवी बसून कैऱ्या निवडत होती. केस पांढरे झालेत, हात तसेच चपळ. मला पाहून तिला खूप आनंद झाला. लोणच्यासाठी घ्यायच्या होत्या, भाऊजींना तिच्याच हातचं लागतं. पोरगी बारावीला आहे, तिची फी भाऊजीच भरतात. मग माझा हात धरून म्हणाली की असा माणूस मिळायला नशीब लागतं, आठवते ना ताई, माह्यासाठी त्यानं सरांपुढे हात जोडले होते.

ते मला सहन झालं नाही. मी तिथंच, त्या ढिगापाशी उभी राहून सगळं सांगितलं. प्रयोगशाळा, आदल्या आठवड्यातलं काम, कोणी न सांगता त्यानं निवडलेला चेहरा, आणि ती पांढरी पट्टी काय होती तेही. एवढी वर्षं गिळलेलं भडाभडा बाहेर पडलं. भाजीवाली आमच्या तोंडाकडे पाहायला लागली. शोभाचा हात थांबला नाही. ती एकेक कैरी उचलून दाबून पाहत होती, टणक ती पिशवीत, मऊ ती परत. माझं बोलून झालं तेव्हा तिनं हातातली कैरी खाली ठेवली.

“त्या चपराश्याचं मी बी आयकलं होतं ताई. तेवढं कळते मले. पण आजवर कोनी तोंडानं सांगतलं नोतं, म्हून रोज त्याले वाढून राहिली होती. आता आज संध्याकायी कसं वाढू, ते बी सांगा.”

तिनं हे रागानं विचारलं नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे पाहत उत्तरासाठी थांबली होती.